सायगाव ते नॉम पेन्ह बस: आपले पासपोर्ट ज्याच्या हातात असतात तो माणूस

मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. बसमध्ये चढलो की अजूनही माझी नजर आधी वाहकाकडे जाते. तो माणसं कशी मोजतो, पैसे घेतल्यावर हातात काय देतो, घंटी मारण्याआधी एकदा मागं वळून बघतो की नाही. सीट, एसी, वायफाय हे सगळं नंतर. यंदा जानेवारीत आम्ही व्हिएतनाममधल्या सायगावहून कंबोडियातल्या नॉम पेन्हला बसनं गेलो. देशाची हद्द रस्त्यानं ओलांडायची माझी ही पहिलीच वेळ, आणि तीही अशी की दोन्हीकडे आपण परके. त्या बससेवेबद्दल हे लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे आणि ती ज्याच्यावर शेकेल त्या पोराची त्यात चूक नाही.

आम्ही चौघं होतो. मी, सौ., लेक आणि नऊ वर्षांची नात. लेक-जावई नोकरीनिमित्त सायगावला असतात (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण तिथं रोजच्या बोलण्यात सायगावच ऐकू येतं). नात अमेरिकेत जन्मली म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकेचा, आम्हा तिघांचे भारताचे. सौ.च्या मनात किती वर्षांपासून कंबोडियातलं अंगकोर वाट बघायचं होतं. बाराव्या शतकात सूर्यवर्मन राजानं बांधलेलं विष्णूचं देऊळ, एवढं एकच तिला पुरेसं होतं. विमानानं गेलो असतो तर सोपं झालं असतं. रस्त्यानं जायचं मी ठरवलं. बँकॉककडून हद्दीवरच्या पोइपेतमार्गे बसनं अंगकोरला जायची वाट पूर्वी फार चालायची, पण २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात लढाई जुंपली आणि त्या हद्दीवरची ठाणी बंद झाली. व्हिएतनामकडचा रस्ता मात्र चालू होता.

व्हिसाचं आधी सांगून टाकतो, कारण इथं चुकलं की बस कितीही चांगली असून उपयोग नाही. आम्हा नवराबायकोचा व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता, २५ डॉलरचा. हद्दीच्या बाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. आम्ही पुढं अंगकोरजवळच्या सिएम रीपहून विमानानं घरी येणार होतो म्हणून तो पुरला. तुम्हाला परत सायगावला यायचं असेल तर पहिल्यापासूनच अनेक प्रवेशांचा घ्या, तो ५० डॉलरला आहे. अर्ज भरताना कुठल्या ठाण्यावरून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार हे विचारतात. या बसनं जाणार असाल तर बाहेर पडायचं ठाणं मोक बाय निवडायचं. कंबोडियाचा व्हिसा भारतीयांनाही लागतो आणि अमेरिकनांनाही. तो आधी ऑनलाइन काढता येतो, नाहीतर हद्दीवर पोचल्यावर. हद्दीवर पर्यटक व्हिसा ३० डॉलरला मिळतो, ३० दिवस राहता येतं, सोबत एक फोटो लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. लेकीनं चौघांचे ऑनलाइन काढून प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती छापून ठेवल्या होत्या, एक आत जाताना द्यायची आणि एक देश सोडताना.

तिकीट माणशी २० डॉलरच्या आसपास पडलं. गाडी फाम न्गू लाओ भागातून सुटते. आपल्यासारखं स्टँड, फलाट, चौकशीची खिडकी असलं तिथं काही नाही. कंपनीचं एक छोटं ऑफिस, समोर प्लॅस्टिकची स्टुलं आणि फुटपाथला लागून उभी गाडी. दोन्ही देशांत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून बसचं दारही उजव्या अंगाला. बॅगा डिकीत टाकताना प्रत्येक बॅगेला नंबराची चिठ्ठी बांधली आणि तिचा जोडतुकडा फाडून आमच्या हातात दिला. हे बघून मला बरं वाटलं. सामान घेतलं की त्याचा कागद प्रवाशाच्या हातात गेलाच पाहिजे.

वाहक कंबोडियाचा होता. पंचविशीचा असेल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत पारदर्शक फाइल. व्हिएतनामी प्रवाशांशी त्यांच्या भाषेत, कंबोडियाच्या लोकांशी तिथल्या ख्मेर भाषेत आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत होता, आणि तिन्हींत सारख्याच हळू आवाजात. वयस्कर माणूस दिसला की दोन्ही हात जोडून मान लववायचा. सौ.नंही लगेच हात जोडले.

गाडी सुटायला वीसेक मिनिटं होती तेव्हा तो आमच्या सीटपाशी येऊन व्हिसाचे कागद मागू लागला. मला वाटलं, नुसते गोळा करेल. त्यानं शेजारच्या रिकाम्या सीटवर बैठक मारली, डाव्या हातात पासपोर्ट उघडा धरला, कागद मांडीवर पसरला आणि तर्जनी एकेका आकड्यावर ठेवत गेला. पासपोर्टवरचा आकडा, मग कागदावरचा. पुढचा आकडा, पुन्हा कागद. ओठ हलत होते. माझा झाला, सौ.चा झाला, लेकीचा झाला. नातीच्या कागदावर बोट थांबलं. पासपोर्टवर ४७ होते तिथं कागदावर ७४ पडले होते. लेकीनं रात्री उशिरा अर्ज भरले होते, त्यात ते दोन आकडे उलटे झाले. आमच्या चौघांच्याही नजरेतून निसटलेली चूक त्यानं बोटानं धरली.

तो लेकीला म्हणाला, "हा कागद चालणार नाही. काळजी करू नका, हिचा हद्दीवर काढू. फोटो आहे?" शाळेसाठी काढलेले फोटो लेकीच्या पर्समध्ये होते. हीच गोष्ट हद्दीवरच्या खिडकीसमोर उघड झाली असती तर मागं रांग, पुढं अधिकारी, बाहेर गाडी उभी आणि नऊ वर्षांची पोर मध्ये. माझ्या पोटात तेव्हाच कालवलं. मी डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवताना असंच बोट ठेवून आकडे मिळवायचो, आणि घाई करणाऱ्या पोरांना तेच शिकवायचो. डोळा फसतो, बोट फसत नाही.

मग त्यानं सगळ्या गाडीचे पासपोर्ट मागितले.

हा क्षण अवघड असतो आणि तो या रस्त्यावर येतोच, म्हणून आधीच सांगतो. परदेशात आपला पासपोर्ट अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा नाही हे घरून निघताना दहा जणांनी बजावलेलं असतं, आणि इथं प्रवासाची सुरुवातच त्यानं होते. सौ.नं माझा हात दाबला. "अहो, सगळेच द्यायचे?" लेक म्हणाली, "आई, इथं अशीच पद्धत आहे." मी पोराचे हात बघत होतो. त्यानं गठ्ठे वेगळे केले. व्हिएतनामी एकीकडे, कंबोडियाचे एकीकडे, व्हिसा असलेले परदेशी तिसरीकडे, आणि हद्दीवर व्हिसा काढायचा आहे ते चौथ्या गठ्ठ्यात, फोटो आणि पैशांसकट. प्रत्येक गठ्ठ्याला रबर. रबर लावायच्या आधी प्रत्येक पासपोर्टला सीट नंबराची चिठ्ठी. ते बघितलं आणि मी देऊन टाकले. तुम्हीही द्या, पण देण्याआधी पहिल्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या आणि एक झेरॉक्स अंगावरच्या पिशवीत ठेवा. डिकीतल्या बॅगेत ठेवलेल्या झेरॉक्सचा ऐन वेळी उपयोग होत नाही.

गाडी हलायच्या आधी त्यानं माणसं मोजली, आणि तिथंच त्यानं मला जिंकलं. तो शेवटच्या सीटपासून सुरुवात करून दाराकडे मोजत आला. हीच खरी रीत. दार पुढं असलेल्या गाडीत पुढून मागं मोजत गेलात तर पाठीमागून कोण उतरलं ते कळत नाही. मागून पुढं आलात तर दार सतत नजरेत राहतं. पेनाचं टोक प्रत्येक सीटकडे वळवून तो पुटपुटत होता, "मुय, पी, बेय, बुअन, प्राम..." आमच्यापर्यंत आला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. प्रामच्या पुढं पुन्हा प्राम-मुय. नंतर विचारलं तर त्यानं बोटांवर दाखवलं. प्राम म्हणजे पाच. सहाला वेगळा शब्द नाही, पाच-एक म्हणायचं. सात म्हणजे पाच-दोन. एक पंजा संपला की दुसऱ्या पंजाचं एकेक बोट. नातीनं पाच मिनिटांत दहापर्यंत पाठ केलं. गाडीत आम्ही ३६ होतो.

मोक बायपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. शहर संपता संपत नाही, दुकानांची रांग तुटत नाही, आणि मोटारसायकली इतक्या की चालकाचं मला कौतुक वाटलं. वाटेत ‘एएच १’ अशी पाटी दिसते. आशियाई महामार्ग क्रमांक १, टोकियोपासून तुर्कस्तानपर्यंत आखलेला. हाच पुढं म्यानमारमधून मणिपूरच्या मोरे गावाजवळ आपल्या देशात येतो. ती पाटी मी दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

मोक बायला व्हिएतनाममधून बाहेर पडायचं ठाणं आहे. सगळे खाली उतरतात, डिकीतलं सामान गाडीतच राहतं, आणि गाडी रिकामी पुढं जाऊन पलीकडे उभी राहते. हॉलमध्ये बाकं आहेत. वाहक गठ्ठे घेऊन खिडकीकडे गेला. शिक्के बसलेले पासपोर्ट वाटायला मात्र कंपनीचाच ठाण्यावरचा दुसरा माणूस होता. तो एकेक पासपोर्ट उघडून नाव पुकारत होता आणि लोक जाऊन घेत होते. पासपोर्ट घेतला की दाराशी शिक्का दाखवायचा आणि बाहेर जाऊन गाडीत बसायचं.

त्यानं माझं नाव पुकारलं. उच्चार वेडावाकडा, पण माझंच. मी उठलो, पासपोर्ट घेतला, शिक्क्याचं पान उघडलेलंच होतं ते तसंच दाराशी दाखवलं आणि नातीचा हात धरून बाहेर पडलो. लेक तिच्या रहिवासी कार्डाचं काही विचारायला खिडकीपाशी गेली होती. सौ. तिच्याबरोबर असेल असं मी धरून चाललो. लेकीला वाटलं, आई बाबांबरोबर बाहेर गेली.

गाडीत पोरगा पुन्हा मागून मोजत आला. दारापाशी येऊन थांबला. परत मागं गेला, परत मोजत आला. ३५. मग दुसऱ्या देशाच्या खिडकीसाठी पुन्हा पासपोर्ट गोळा करायचे होते, ते त्यानं तिथल्या तिथं सुरू केले आणि या वेळी प्रत्येकाचा उघडून तोंडाशी ताडून बघू लागला. माझा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पासपोर्ट माझ्यासमोर धरला. आत सौ.चा फोटो होता.

आपली नावं कशी असतात ते आठवा. तिचं नाव, मग माझं नाव, मग आडनाव. वाटणाऱ्यानं तिच्या पासपोर्टवरचं मधलंच नाव पुकारलं, म्हणजे माझं. मी उठलो आणि घेऊन गेलो. ती बिचारी बाकावर तिच्या नावाची वाट बघत बसली होती, आणि माझा पासपोर्ट टेबलावर पडून होता. मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ही आपली रीत तिथं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. एका घरातले चार पासपोर्ट असले की कुणाचं नाव कुणाच्या पोटात सापडेल सांगता येत नाही. आजही तो प्रसंग आठवला की हात थंड पडतात. ती त्या हॉलमध्ये, हातात काही कागद नाही, मोबाइल लेकीच्या पर्समध्ये, आणि आम्ही शिक्का बसून दाराच्या बाहेर.

मी उठायला लागलो तर त्यानं खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. "तुम्ही नाही. तुम्ही परत आत गेलात तर आणखी वेळ जाईल." मग विचारलं, "जांभळी शाल, सीट नऊ?" एवढंच. तिचा पासपोर्ट घेऊन तो पळत गेला. चालकानं इंजिन चालू ठेवलं होतं, एसी सुरू होता, पण गाडी इंचभर हलली नाही. एका तरुण प्रवाशानं पुढं येऊन घड्याळ दाखवलं, तेव्हा चालकानं त्याला नुसता हातानं बसायचा इशारा केला.

आठ-दहा मिनिटं गेली असतील. सौ. आली, तो तिच्या मागून, माझा पासपोर्ट हातात. तिला आधी चढू दिलं, पायरी उंच आहे म्हणून कोपराला आधार दिला. तिला घाबरल्यासारखं दिसत नव्हतं. म्हणाली, "तो आला आणि हात जोडून ‘मा’ म्हणाला. मला कळलं आपल्याच गाडीचा." मग त्यानं सगळ्यांना पुन्हा मोजलं, ३६ भरले, आणि खाली उभ्या असलेल्या मदतनिसानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. डबल बेल. गाडी हलली. ही खूण मला कुणी सांगावी लागली नाही.

तेव्हा माझी एकच कळकळीची विनंती. पासपोर्ट परत हातात आला की पहिल्यांदा फोटोचं पान उघडा. मग शिक्का, मग शिक्क्यावरची तारीख. हे तीन बघितल्याशिवाय टेबलापासून पाऊल हलवू नका. आणि घरची माणसं डोळ्यांनी मोजा, ‘असेल कुणाबरोबर’ असं म्हणू नका. ३१ वर्षं परक्यांची माणसं मोजली आणि त्या दिवशी स्वतःची मोजली नाहीत, हे मला लागलं आहे.

पलीकडचं ठाणं बावेत. मधे थोडं अंतर, मग देवळासारख्या उतरत्या शिखरांची मोठी कमान, आणि पुन्हा सगळ्यांनी उतरायचं. इथं प्रत्येकाला खिडकीसमोर स्वतः उभं राहावं लागतं, बोटांचे ठसे घेतात. सौ.चे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेले हात. खिडकीतल्या बाईंनी ओला टिश्यू दिला, बोटं पुसून घेतली, स्वतः हात लांब करून तिचा अंगठा काचेवर दाबला. चौथ्या वेळेला उमटला. त्या एक शब्द रागानं बोलल्या नाहीत.

आता तक्रार. नातीचा व्हिसा वाहकानंच काढून आणला. व्हिसा ३० डॉलरचा, त्यानं घेतले ३५. वरचे पाच कंपनीचा सेवा आकार, असं त्यानं सायगावलाच सांगितलं होतं, लपवाछपवी नव्हती. आणि पाच डॉलरबद्दल माझी कुरकुरही नाही. त्यानं अर्ज भरला, रांगेत उभा राहिला, पोरीला बाकावरून उठावं लागलं नाही. स्वतः काढायचा असेल तर काढता येतो, पण बाकीची गाडी तुमच्यासाठी खोळंबते, म्हणून बहुतेक जण त्याच्याकडेच देतात. माझं दुखणं वेगळं आहे. मी पावती मागितली तर तो गोंधळला. पावती पुस्तकच नव्हतं. त्या फेरीत व्हिसा काढणारे अकरा जण मी मोजले. म्हणजे ५५ डॉलर त्या पोराच्या खिशात, आणि कुणाच्याही हातात कागद नाही.

बॅगेला चिठ्ठी देणारी कंपनी पैशाला चिठ्ठी देत नाही, हे मला पटत नाही. प्रवाशाचं नुकसान पाच डॉलरचं. वाहकाचं त्याहून मोठं. उद्या कुणी म्हणालं की यानं दहा घेतले, तर तो काय दाखवणार? आमच्याकडे पैसे घेऊन तिकीट न देणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा होता. मार्ग तपासणी पथक मधल्या एखाद्या फाट्यावर गाडीत चढायचं आणि आधी प्रवाशांच्या हातातली तिकिटं बघायचं, मग वाहकाची पिशवी. प्रामाणिक माणसालाही ती भीती असायची, आणि तिकिटाचा तुकडाच त्याला वाचवायचा. पावती पुस्तक न देता पोराला पैसे गोळा करायला लावणं म्हणजे त्याला उघड्यावर सोडणं. हे मी कंपनीला ईमेलनं लेकीकडून इंग्रजीत लिहून पाठवलं आहे, आणि सोबत हेही लिहिलं आहे की आकड्यांची चूक त्यानं पकडली आणि माझ्या बायकोला त्यानं परत आणलं.

सुट्ट्या पैशांचं सांगायचं राहिलं. कंबोडियात डॉलर सरळ चालतात, पण नोट कोपऱ्याला जरी फाटलेली असेल तरी घेत नाहीत. कोऱ्या, लहान रकमेच्या नोटा न्या. अमेरिकी नाणी चालत नाहीत. डॉलरच्या आतले सुट्टे रिएलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, परत मिळतात, साधारण ४,००० रिएलचा एक डॉलर. व्हिएतनामचे डाँग उरले असतील तर हद्दीच्या आधीच संपवलेले बरे.

बावेत गाव कसिनोंनी भरलेलं आहे. कंबोडियाच्या नागरिकांना कायद्यानं जुगार खेळता येत नाही, सगळा कारभार बाहेरच्यांसाठी. तिथं गाडी जेवायला थांबली. भात, भाजी, सूप. शाकाहारी हवं असेल तर वाहकाला गाडीतच सांगून ठेवा, तो आत जाऊन सांगतो. जेवण बेताचं होतं, संडास स्वच्छ होते.

पुढं स्वाय रिएंगचा सपाट मुलूख. कापणी झालेली भातखाचरं, खांबांवर उभी घरं आणि बांधाबांधांवर ताड. सौ.ला ते ताड बघून फार बरं वाटलं, तिच्या माहेरच्या वाटेवर होते. मग मेकाँग आली. नेआक लुंगला ही नदी पूर्वी फेरीबोटीतून ओलांडावी लागायची, गाड्या तासन्‌तास खोळंबायच्या. २०१५ मध्ये जपानच्या मदतीनं पूल झाला, त्याचं नाव त्सुबासा, जपानीत पंख. पुलावर चढताना वाहक नातीजवळ आला आणि खिशातून ५०० रिएलची नोट काढून तिच्या हातात दिली. तिनं उलटी केली. नोटेवर तोच पूल. ती कधी नोटेकडे बघायची, कधी खिडकीबाहेरच्या तारांकडे. नोट परत द्यायला गेली तर त्यानं घेतली नाही. ५०० रिएल म्हणजे फार थोडे पैसे, पण ती नोट तिनं वहीत ठेवली आहे.

नॉम पेन्हला गाडी सांगितलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा पोचली. त्यातली दहा आमच्यामुळे. बॅगा चिठ्ठीचा नंबर ताडूनच हातात दिल्या. एका बाईंची चिठ्ठी हरवली होती, तर त्यांना बॅग उघडून आत काय आहे ते सांगायला लावलं. त्या थोड्या चिडल्या. तो बरोबर होता.

सिएम रीपहून आम्ही दोघं विमानानं परतलो आणि लेक-नात नॉम पेन्हहून त्याच कंपनीच्या बसनं सायगावला. परतीच्या वाटेवर एक फरक आहे. व्हिएतनाममध्ये शिरताना मोक बायला डिकीतलं सगळं सामान उतरवून यंत्रातून न्यावं लागतं. तेव्हा एकट्यानं उचलता येईल एवढीच बॅग घ्या. त्या फेरीला वाहक दुसरा होता, वयानं मोठा. लेक सांगत होती, त्यानं पुढून मागं मोजलं. मी तिला फोनवर विचारलं, मग तू मागं वळून बघितलंस ना? म्हणाली, बाबा, मी आणि चिमुरडीनं मिळून सगळी गाडी मोजली, ख्मेरमध्ये.

सीट घेताना पुढची, उजव्या बाजूची घ्या. दार तिकडंच आहे, उतरायला सोपं पडतं, आणि वाहकाच्या नजरेसमोर राहता.